कृपाण, शाळा आणि सुईदोरा

कॅनडांतील माँट्रियल शहरच्या एका सरकारी शाळेच्या पटांगणांत ता. 19 नोव्हेंबर 2001 रोजीं एका शीख विद्यार्थ्याच्या कपड्यांतून एक लहानसें कृपाण खालीं पडलें. मुलगा बारा वर्षांचा. त्यानें तें कोणावर उगारलें नव्हतें, कोणास धाक घातला नव्हता. चुकून निसटलें, इतकेंच. एवढ्याशा गोष्टीवरून जो वाद उत्पन्न झाला, तो त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोंचला आणि त्याचा शेवट लागण्यास चार वर्षांहून अधिक काळ जावा लागला. 'मुलतानी खटला' या नांवानें तो कायद्याच्या ग्रंथांत नोंदला गेला आहे. धर्माचरणाचें स्वातंत्र्य आणि शाळेंतील मुलांची सुरक्षितता, या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यांत जितक्या बारकाईनें तपासला गेला, तितका क्वचितच इतरत्र तपासला गेला असेल. आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांतील नातवंडें आज टोरांटो, सिडनी, लंडन येथील शाळांत शिकत आहेत, आणि अंगावर काय घालावें व काय घालूं नये याविषयींचे शाळेचे नियम त्यांच्याही घरीं येऊन पडतात. तेव्हां हा तंटा केवळ शिखांचा, असें समजून पान उलटूं नये, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

प्रथम कृपाणाविषयीं दोन शब्द. 1699 सालच्या वैशाखीस आनंदपूर येथें गुरु गोविंदसिंहांनीं खालसा पंथ स्थापिला. केश, कंगवा, कडें, कच्छ आणि कृपाण, हीं पांच चिन्हें दीक्षा घेतलेल्या, म्हणजे अमृतधारी, शिखानें निरंतर अंगावर वागवावीं असा त्या पंथाचा दंडक आहे. सर्वच शीख अमृतधारी नसतात. म्हणून प्रत्येकाजवळ कृपाण असतेंच असें नाहीं. परंतु ज्यानें दीक्षा घेतली त्यास तें रात्रंदिवस जवळ बाळगणें प्राप्त आहे, आणि शाळेची घंटा झाली म्हणून तें खुंटीस टांगतां येत नाहीं. गुरु गोविंदसिंहांचें देहावसान 1708 सालीं आपल्या नांदेड येथें झालें. तेथील हजूर साहिबाच्या दर्शनास गेलेल्या वाचकांनीं खांद्यावरून आडव्या पट्ट्यानें कृपाण लटकाविलेले सेवेकरी पाहिले असतील, आणि त्यांस पाहून कोणी घाबरून मागें फिरल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

शब्द मूळचा संस्कृत. 'कृपण' आणि 'कृपाण' यांत भेद काय तो आकाराचाच, असा श्लेष करणारें एक सुभाषित जुन्या पाठशाळांतून मुलांस शिकवीत असत. कंजूष मनुष्य आणि तरवार या दोघांचीही मूठ घट्ट आणि वस्ती कोशांत, मग तो कोश द्रव्याचा असो कीं म्यानाचा. आम्हांस हा श्लेष येथें आठवण्याचें कारण असें, कीं कृपाण कोशांतून बाहेर येऊंच शकत नसेल तर त्यापासून भय तें किती, हाच प्रश्न पुढें तीन न्यायालयांपुढें आला.

आतां खटल्याची हकीकत. कृपाण पडल्यानंतर महिन्याभरांत, ता. 21 डिसेंबर 2001 रोजीं, शाळामंडळाच्या वकिलानें मुलाच्या आईबापांस पत्र लिहिलें. कृपाण कपड्यांच्या आंत, नीट बंद करून ठेवणार असाल तर मुलानें तें शाळेंत आणण्यास हरकत नाहीं, असा त्याचा आशय होता. आईबापांनीं ही अट मान्य केली. येथें वाद मिटावयास हवा होता, परंतु ता. 12 फेब्रुवारी 2002 रोजीं शाळेच्या व्यवस्थापक समितीनें या तडजोडीस संमति देण्याचें नाकारलें. शाळेच्या आचारसंहितेंत शस्त्रें व धोकादायक वस्तु आणण्यास मनाई आहे आणि कृपाण हें शस्त्र आहे, एवढें तिचें म्हणणें. मार्च महिन्यांत वरिष्ठ मंडळानें तोच ठराव कायम केला आणि सुचविलें, कीं गळ्यांतील पदकाच्या रूपानें, अथवा इजा न करणाऱ्या दुसऱ्या एखाद्या द्रव्याचें, असें प्रतीकात्मक कृपाण मुलानें वापरावें. खरें कृपाण धातूचेंच असलें पाहिजे अशी त्या मुलाची श्रद्धा होती. बाप न्यायालयांत गेला.

ता. 17 मे 2002 रोजीं क्वेबेक प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयानें जो निकाल दिला, त्यांतील अटी आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतों, कारण सर्व प्रकरणाचा जीव त्यांत आहे. कृपाण कपड्यांच्या आंत घालावें. म्यान धातूचें नसून लाकडाचें असावें, म्हणजे तें स्वतःच इजेचें साधन होणार नाहीं. म्यानासह कृपाण मजबूत कापडाच्या पिशवींत गुंडाळून ती पिशवी शिवून टाकावी, आणि ती पिशवी पुन्हां खांद्यावरील पट्ट्यास शिवावी. या अटी पाळल्या जातात कीं नाहीं हें शाळेच्या नोकरवर्गानें वाजवी रीतीनें तपासावें. मुलानें कृपाण कधींही अंगावेगळें करूं नये. हरवल्यास तत्काळ शाळेस कळवावें. यांतील कांहींही मोडलें तर शाळेंत कृपाण बाळगण्याचा त्याचा हक्क कायमचा जावा.

या अटी ज्यानें कोणी सुचविल्या असतील त्यास शिवणकाम ठाऊक असलें पाहिजे. दुहेरी शिवलेली पिशवी उसवावयाची तर कात्री पाहिजे; आणि मुलाच्या हातीं कात्री आलीच, तर अपाय करण्यास ती कात्रीच पुरेशी आहे, मग कृपाण बाहेर काढण्याचा खटाटोप कशास? सर्वोच्च न्यायालयानेंही पुढें हेंच दाखवून दिलें, कीं कात्र्या, पेन्सिली, चेंडूफळीच्या बॅटी यांसारख्या वस्तु शाळेंत मुलांच्या हातांशीं असतात आणि कोणास इजा करावयाची झाल्यास त्या कृपाणापेक्षां पुष्कळ सुलभ आहेत. आम्ही जन्मभर वर्गांत वावरलों. कंपासपेटींतील कर्कटकानें जितकें रक्त निघालेलें पाहिलें तितकें दुसऱ्या कोणत्याही वस्तूनें निघालेलें पाहिलें नाहीं. तरी कर्कटक बंद करा असें कोणी पालक म्हणालेला आम्हांस आठवत नाहीं. त्याचें नांव 'शस्त्र' नाहीं, म्हणून.

परंतु समितीचे सभासद धर्मद्वेष्टे होते असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. माँट्रियल शहरींच 6 डिसेंबर 1989 रोजीं एका बंदूकधाऱ्यानें अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिरून चौदा स्त्रियांचे प्राण घेतले होते. 1999 सालीं अमेरिकेंत कोलंबाइन येथें दोघां विद्यार्थ्यांनीं आपल्याच शाळेंत केलेला संहार सर्वांच्या डोळ्यांपुढें होता. न्यूयॉर्कवरील हल्ल्यास तर दोन महिनेच लोटले होते. अशा काळांत पोटचें पोर शाळेंत पाठविणाऱ्या आईस 'पटांगणांत सुरी पडली' एवढे शब्द ऐकूं आले, तर तिनें शिखांचा इतिहास वाचून मग घाबरावें कीं नाहीं हें ठरवावें, ही अपेक्षा वाजवी नव्हे. शिक्षकाचेंही तसेंच. वर्गांतील तीस मुलांपैकीं एकास जरी लागलें तरी जाब त्यासच द्यावा लागतो. न्यायाधीश त्या वेळीं तेथें नसतात. शस्त्रबंदीचा नियम सरसकट असावा, त्यांत अपवाद नसावा, असें ज्या शिक्षकांस वाटतें त्यांचें मन आम्ही जाणतों.

याच विचारानें क्वेबेकच्या अपील न्यायालयानें ता. 4 मार्च 2004 रोजीं खालचा निकाल फिरविला. शेवटीं ता. 2 मार्च 2006 रोजीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें अपील न्यायालयाचा निकाल रद्द केला. कारणांविषयीं न्यायमूर्तींत मतभेद होते, परंतु मनाई टिकणार नाहीं याविषयीं सर्वांचें एकमत होतें. बहुमताचें निकालपत्र न्यायमूर्ति शारों यांनीं लिहिलें. त्यांतील तीन मुद्दे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात.

पहिला असा, कीं शाळेनें साधावयाची ती वाजवी सुरक्षितता, निरपवाद सुरक्षितता नव्हे. निरपवाद सुरक्षितता पाहिजे असेल तर कात्री, बॅट, सारें कांहीं बंद करावें लागेल, आणि मग शाळा उरणार नाहीं. दुसरा असा, कीं कॅनडांत शीख मुलें सुमारें शंभर वर्षें शाळेंत जात होतीं, आणि त्या काळांत कृपाणाच्या शाळेंतील उपस्थितीमुळें हिंसेचा एकही प्रकार घडल्याची नोंद न्यायालयापुढें आली नाहीं. तिसरा मुद्दा विमानासंबंधीं. विमानांत व न्यायमंदिरांत कृपाण नाकारलें जातें, मग शाळेंत कां नाहीं, असा प्रतिवादीचा सवाल होता. न्यायालय म्हणालें, कीं विमानांत अनोळखी माणसें कांहीं तास एकत्र येतात. शाळेंत तींच मुलें व तेच शिक्षक वर्षानुवर्षें एकत्र नांदतात, आणि कोणता मुलगा कसा आहे हें शिक्षकास ठाऊक असतें. या मुलाच्या वर्तनाविषयीं कसलीही तक्रार नव्हती. हा तिसरा मुद्दा कोणा शिक्षकानेंच न्यायाधीशांच्या कानांत सांगितला असावा, इतका तो आमच्या मनास पटला. (आपल्याकडे मात्र 2022 च्या मार्च महिन्यांत विमानखात्यानें देशांतर्गत प्रवासांत कृपाणाची मुभा दिली, पातें सहा इंचांहून व एकूण लांबी नऊ इंचांहून अधिक नसावी, एवढीच अट. घटनेच्या 25 व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत कृपाणधारण हें शीख धर्माचरणाचा भाग मानलें असल्यानें येथें प्रश्न हक्काचा न राहतां मापाचा झाला.)

'इतर मुलें म्हणतील, त्यास मुभा, आम्हांस कां नाहीं?' हाही एक आक्षेप होता. त्यास न्यायालयानें उत्तर दिलें तें असें, कीं ही मुभा कां दिली हें इतर मुलांस समजावून सांगणें, हें शाळेचें कामच आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं हा धर्मस्वातंत्र्याचा निर्भेळ विजय झाला. आमचें मत तसें नाहीं, आणि त्याचें कारण सिडनी शहराकडे पाहिल्यास कळेल. मे 2021 मध्यें तेथील एका शाळेंत चौदा वर्षांच्या मुलानें सोळा वर्षांच्या मुलास कृपाणानें भोसकलें. न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें ताबडतोब सर्व सरकारी शाळांत कृपाणास बंदी केली. शीख समाजांत साहजिकच क्षोभ झाला. परंतु त्यानंतर जें झालें तें दोन्ही पक्षांस शोभणारें होतें: सरकार आणि शीख समाजाचे प्रतिनिधि एकत्र बसले, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत बंदी उठून तिच्या जागीं अटी आल्या. कृपाण लहान असावें, त्यास धार वा टोंक नसावें, आणि तें कपड्यांखालीं पक्कें बांधलेलें असावें. म्हणजे पुन्हां सुईदोराच! शेजारच्या क्वीन्सलंड प्रांतांत मात्र शाळेंत कृपाण आणण्यास कायद्यानेंच मनाई होती; ती 2023 सालीं तेथील अपील न्यायालयानें वंशभेदविरोधी कायद्याशीं विसंगत ठरवून रद्द केली.

सिडनीच्या प्रकारानंतर 'कृपाणापासून कधींच कांहीं होत नाहीं' असें छातीवर हात ठेवून कोणास म्हणतां येणार नाहीं, आणि म्हणूंही नये. मूल तें मूल. दीक्षा घेतलेला चौदा वर्षांचा मुलगा हाही रागानें लाल होणारा, चिडविला गेला तर भान विसरणारा चौदा वर्षांचा मुलगाच असतो. त्याच्या धर्मानें संयम शिकविला म्हणून तो त्याच्या अंगीं मुरला असेलच असें नाहीं. आपल्याकडील मुंज झालेलीं मुलें संध्या किती दिवस करतात हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हें अधिक सांगणें नको. म्हणूनच शिवलेल्या पिशवीची अट ही शिखांच्या श्रद्धेविषयींचा अविश्वास नसून बालस्वभावाचें ज्ञान आहे, असें आम्ही समजतों. 'शिवून टाकलें तर तें कृपाण कसलें?' असें म्हणणारे कांहीं कडवे लोक आहेत. त्यांचें म्हणणें मान्य केल्यास शाळेस बंदीवांचून दुसरा मार्गच उरत नाहीं. त्या मुलाच्या आईबापांनीं तसें म्हटलें नाहीं. त्यांनीं पहिल्या पत्रासरशी अट मान्य केली, हें त्यांचें शहाणपण कोणी विसरूं नये.

आणि अशी मर्यादा घालणें हें आपल्या शास्त्रांसही नवीन नाहीं. मुंजींत बटूच्या हातीं पळसाचा दंड देतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत या दंडाचीं मापें सांगितलीं आहेत. ब्राह्मणाचा केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. पण लगेच पुढें तो दंड कसा असावा हेंही सांगितलें आहे: सरळ असावा, त्यास खोक नसावी, दिसण्यांत सौम्य असावा, त्याची साल निघालेली नसावी, तो आगीनें करपलेला नसावा, आणि मनुष्यांस उद्वेग उत्पन्न करणारा नसावा. ही शेवटची अट आमच्या वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावी. गुरुगृहीं राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातांतील धर्मचिन्हानें भोंवतालच्या माणसांस भय वाटूं नये, ही काळजी कोणा शाळासमितीनें वाहिली नाहीं, स्मृतिकारानें वाहिली. मात्र दंड घरीं ठेवून या, असें स्मृतिकारानें सांगितलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

उद्यां व्यायामाच्या तासास अंगावर दोरा असूं नये म्हणून कोणा शिक्षकानें आपल्या नातवाचें जानवें काढावयास सांगितलें, तर आपण काय म्हणूं? जानव्यानें गळफास बसेल ही भीति अगदींच निराधार नाहीं. दोरीवर चढतांना वा कुस्तींत तें कशांत तरी अडकूं शकतें. पण तालमींत जाणारीं आपलींच मुलें पूर्वी तें कमरेस गुंडाळून खोंचून ठेवीत, आणि वस्तादाची त्यास कधीं हरकत नसे. (जुन्या पिढींतील गृहस्थ जानव्यास तिजोरीच्या किल्ल्या बांधीत, त्या किल्लीनें खेळांत कोणाची भुंवई फुटली तर दोष यज्ञोपवीताचा नव्हे, किल्लीचा.) धोका नेमका कशांत आहे हें जो शिक्षक विचारतो, त्यास पुष्कळदां चिन्ह न काढतां धोका काढतां येतो. आणि जो 'नियम तो नियम' एवढेंच म्हणतो त्याचें कामही सोपें होत नाहीं. वकिलांचें मात्र होतें.

जेथें धोका मुळींच नाहीं तेथें तर शाळांनीं हात आंखडता घ्यावा. दक्षिण आफ्रिकेंत डर्बन येथील एका मुलींच्या शाळेंत एका हिंदु मुलीनें आपल्या घराण्याच्या दक्षिण भारतीय परंपरेप्रमाणें नाकांत चमकी घातली, म्हणून शाळेनें ती काढण्याचा आग्रह धरला. प्रश्न सुरक्षिततेचा नव्हता, गणवेषाच्या एकसारखेपणाचा होता. तेथील घटना न्यायालयानें 2007 सालीं त्या मुलीच्या बाजूनें निकाल दिला. एकसारखेपणा दिसावयास बरा दिसतो हें आम्हांसही मान्य आहे. परंतु सुरक्षिततेच्या तराजूंत घालण्याइतकें वजन त्यास नाहीं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही निकालपत्रांत लिहून भागत नाहीं, आणि ती शिक्षकाच्या हातची आहे. ती म्हणजे तपासणी. 'वाजवी रीतीनें' तपासावें असें न्यायालय म्हणतें; पण वाजवी म्हणजे काय? चाळीस मुलांसमोर सदरा वर करावयास लावणें हें वाजवी नव्हे. दररोज सकाळीं दारांत अडवून चाचपणें हेंही नव्हे, कारण मग तो मुलगा शाळेंत संशयित म्हणूनच वाढतो. मुख्याध्यापकानें महिन्यांतून एखाददां, त्याच्या बापासमक्ष अथवा आपल्या खोलींत एकटें बोलावून, शिवण शाबूत आहे कीं नाहीं हें पाहावें; आईनें घरीं दर आठवड्यास तेंच पाहावें; आणि मुलगा वर्गांत कोणाच्या छळास बळी पडत आहे काय, याची चौकशी तर रोजच करावी. ही शेवटची चौकशी झाली तर पहिल्या दोहोंची गरज फारशी पडणार नाहीं, असा आमचा अनुभव सांगतो. ज्या मुलास आपलें गाऱ्हाणें ऐकणारा एक तरी शिक्षक शाळेंत आहे, तो मुलगा हातांत कांहीं घेण्यापूर्वी त्या शिक्षकाकडे येतो.

पालकांसही एक सांगणें आहे. शाळेचा नियम आपल्या आचाराच्या आड येतो असें दिसतांच वर्तमानपत्राकडे अथवा वकिलाकडे धांवूं नये. आधीं शाळेंत जाऊन बसावें, आपला आचार काय आहे तें शांतपणें सांगावें, आणि त्यांतील कोणता भाग सोडतां येण्यासारखा आहे हें आपल्याच घरांतील वडील मंडळींस विचारून ठरवून जावें. कॅलिफोर्नियांत 1994 सालीं तीन शीख भावंडांच्या कृपाणावरून असाच तंटा न्यायालयांत गेला, आणि मुलांचे शाळेचे कित्येक महिने बुडाले. शेवटीं निघाला तो तोडगा बोथट पात्याचा आणि म्यानास घट्ट शिवून टाकण्याचाच.

न्यायालयांचे निकाल चांगले असतात, परंतु बालपण त्यांची वाट पाहत थांबत नाहीं. डर्बनच्या मुलीनें निकाल लागण्यापूर्वींच ती शाळा सोडली होती. माँट्रियलच्या मुलाचेंही तेंच झालें. वाद चालू असतांनाच त्यास त्याच्या आईबापांनीं एका खासगी शाळेंत घातलें, आणि मार्च 2006 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा हक्क मान्य केला तेव्हां तो सोळा-सतरा वर्षांचा झाला होता. ज्या शाळेंत कृपाण नेण्याचा हक्क त्यास मिळाला, त्या शाळेंत तो पुन्हां शिकावयास गेलाच नाहीं. आणि अट? ती मुळांत तीच होती, जी डिसेंबर 2001 च्या पत्रांत वकिलानें लिहिली होती आणि त्याच्या आईबापांनीं मान्य केली होती: कृपाण कपड्यांच्या आंत, बंद करून.